आधी डबे, मग यादी



कवीला आकाशवाणीवर बोलावतात ते कवितेसाठी. या वेळी विषय आला तो किराण्याचा. घरातला स्वयंपाक आठवडाभर आधी ठरवून ठेवला, तर वाणसामानाच्या खर्चात बचत होते का? ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा पत्नी हसली. आमच्या घरात दखनी बोलतात. ती म्हणाली, "तुमना कायकू बुलाए जी? मेरेकू बुलाना था." तिचं म्हणणं बरोबर होतं. या विषयावर बोलण्याचा हक्क तिचा. माझ्याजवळ आहे तो तीन महिन्यांचा अनुभव आणि एक वही. पण त्या तीन महिन्यांत मी इतका चुकलो, की चुकणाऱ्याची बाजूही कुणीतरी मांडावी, म्हणून आलो.

मी सोलापुरातल्या एका शाळेत लिपिक आहे. घरात माणसं पाच. माझी अम्मा, आम्ही दोघं आणि शिकणारी दोन मुलं. २०२३ सालापर्यंत आमचा रिवाज असा, की दर एक तारखेला मी पत्नीच्या हातावर बारा हजार रुपये ठेवायचे. किराणा, भाजी, दूध, कधीमधी मटण, सगळं त्यात. गॅस आणि विजेचं बिल वेगळं. महिनाअखेरीला तिनं कधी पैसे मागितले नाहीत आणि 'बाई, हे भागतं कसं' असं मीही कधी विचारलं नाही. महागाईच्या बातम्या वाचून मी हळहळत असे. २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली तेव्हा तर मी तिच्यावर कविता लिहिली. त्या महिन्यांत आमच्या ताटात आमटी कशाची होती, ते मात्र मला आठवत नव्हतं. मसुरीची होती, असं पत्नीनं पुढे सांगितलं.

त्या २०२३ साली बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी, २९ जूनला आली होती. त्यानंतरच्या आठवड्यात पावसानं ओल्या झालेल्या फरशीवरून पत्नी घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, पुढे महिनाभर वजन उचलायचं नाही. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "तू आराम कर. घर मी बघतो." स्वयंपाकाला मुलगी आणि मी, बाजारहाट सगळा माझ्याकडे. ती काही बोलली नाही.

जुलै महिना असा गेला. संध्याकाळी साडेपाचला शाळेतून निघायचो. तेवढ्यात मुलीचा फोन यायचा, "अब्बा, आज काय करायचं?" श्रोतेहो, संसारातला सगळ्यात महागडा प्रश्न कोणता असेल, तर संध्याकाळी सहा वाजता विचारलेला हा प्रश्न. त्या वेळी पोटात भूक असते, डोक्यात काही नसतं आणि खिशात पाकीट असतं. मी लक्ष्मी मंडईत शिरायचो आणि जे डोळ्यांना बरं दिसेल ते पिशवीत टाकायचो. घरी मेथीची एक जुडी असायची, मी आणखी दोन न्यायचो. हळदीची पुडी आणली तर डब्यात पाव किलो हळद निघायची. मीठ संपलंय हे मात्र फोडणी पडल्यावर कळायचं. आठवड्यातून दोनदा तरी "आता कोण करतंय" म्हणून बाहेरून पार्सल यायचं.

भुकेल्या पोटी बाजारात जाऊ नये, हे खरं तर मला रमजाननं शिकवायला हवं होतं. रोज्यांच्या महिन्यात दुपारचं जेवण नाही, तरी आमच्याकडे किराण्याचा खर्च वाढतो. याचं कोडं मला कधी सुटलं नव्हतं. असरच्या नमाजानंतर, रोजा सुटायला तास-दीड तास उरलेला असताना, मी फळांच्या गाड्यांसमोर उभा राहायचो तेव्हा मला सगळंच हवं असायचं. खजूर, टरबूज, भजी, शेवया, सरबताची बाटली. इफ्तारला दोन खजूर आणि पाणी पोटात गेलं की निम्मी भूक जायची आणि आणलेलं तसंच उरायचं. पत्नी रमजानचा बाजार सकाळी करायची, सहेरीचं पोटात असताना. मी समजायचो, तिला संध्याकाळी वेळ नसतो म्हणून.

एकवीस जुलैला बारा हजार संपले. महिनाअखेरीला बेरीज केली तेव्हा सोळा हजार तीनशे पन्नास झाले होते. लिपिक माणूस, त्यामुळे वही ठेवली होती. वरचे चार हजार तीनशे पन्नास कुठे गेले ते शोधायला बसलो. बाहेरचं खाणं एक हजार आठशे पन्नास. घरात असताना पुन्हा आणलेल्या वस्तू साधारण नऊशेच्या. सडून फेकलेली भाजी, जाळी धरलेला रवा आणि पोरकिडे झालेला तांदूळ मिळून सहाशे. पावसाळ्यात रवा-तांदूळ जास्तीचा भरू नये, हेही मला माहीत नव्हतं. उरलेल्या हजाराचा हिशेब मला आजही लागलेला नाही.

फेकण्याच्या बाबतीत मी एकटाच दोषी नाही, एवढाच दिलासा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमध्ये माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं, असा अंदाज दिला आहे. त्यात साली, देठ, हाडं असं न खाण्याजोगंही धरलेलं असतं. तरी पाच माणसांच्या घराचा हिशेब रोज पाऊण किलोवर जातो. आणि २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार शहरातल्या कुटुंबाच्या खर्चातला सुमारे ४० टक्के वाटा खाण्यापिण्याचा, खेड्यात सुमारे ४७ टक्के. म्हणजे काटकसर करायचीच, तर सामान्य घराला स्वयंपाकघराशिवाय दुसरी मोठी जागा फारशी नाही.

ऑगस्टमध्ये मी शहाणा झालो, असं मला वाटलं. शाळेचं वेळापत्रक दरवर्षी मीच आखतो. तसंच एक वेळापत्रक ड्रॉइंग पेपरवर आखलं. सोमवार ते रविवार, सकाळ-संध्याकाळ, चौदा चौकोन. लाल शाईत सामिष, हिरव्या शाईत भाजी. मंगळवारी भरली वांगी, गुरुवारी टोमॅटोचं सार, शुक्रवारी बगारा खाना, असं सगळं सुवाच्य अक्षरात. भिंतीवर लावलं. अम्मानं चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "परीक्षा कब है?"

वेळापत्रकानं काहीच फायदा झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. सहा वाजताचा तो फोन बंद झाला. बाहेरच्या खाण्याचा खर्च चारशेवर आला. केवळ ठरलेलं आहे, एवढ्यानंच माणूस हॉटेलसमोरून सरळ घरी येतो. पण ऑगस्टची बेरीज चौदा हजार दोनशे झाली. दोन हजार दोनशे अजून जास्तच. का?

एक तर माझं वेळापत्रक बाजाराला ओळखत नव्हतं. त्या पावसाळ्यात टोमॅटोनं शंभरी कधीच ओलांडली होती. गुरुवार आला की मी सारासाठी दीड किलो टोमॅटो आणायचो, कारण भिंतीवर तसं लिहिलेलं होतं. शेजारच्या टोपलीत दोडका स्वस्त पडलेला असायचा, पण दोडक्याला माझ्या चौकोनांत जागा नव्हती. दुसरं असं, की चौदा चौकोनांत मी चौदा वेगवेगळे पदार्थ भरले होते. प्रत्येकाला वेगळं सामान. भरल्या वांग्यांना अर्धा नारळ लागला, उरलेला अर्धा वास येईपर्यंत तसाच. कोथिंबिरीची जुडी, चार काड्या वापरल्या, बाकी पिवळी. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. उरलेल्या अन्नाला त्या कागदावर कुठेच जागा नव्हती. सोमवारचं वरण वाटीभर उरलं, तरी मंगळवारी वेळापत्रक म्हणणार, आज नवी आमटी.

ऑगस्टच्या शेवटी मी वही घेऊन पत्नीसमोर बसलो. प्लास्टर निघालं होतं, ती हातात रबरी चेंडू धरून दाबत बसली होती. मी विचारलं, "तू कसं भागवत होतीस?" ती म्हणाली, "दो महिने से बैठी हूँ. अब पूछे." मी म्हणालो, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही आराम कर म्हणालात ना. हे ऐकायला बरं वाटलं नाही, पण त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिनं मला आधी भिंतीसमोरून उठवलं आणि फळीसमोर उभं केलं. म्हणाली, डबे वाजवा. मला कळेना. तिनं डाव्या हातानं हरभरा डाळीचा डबा हलवला. "सुनो. आधा किलो." मग तांदळाचा. मग साखरेचा. चोवीस वर्षं आमच्या घरात शनिवारी रात्री हा आवाज येत होता आणि आतल्या खोलीत कविता लिहिताना मी दार लावून घेत असे.

तिची रीत माझ्या उलट होती. मी पदार्थ ठरवून सामान आणत होतो. ती सामान बघून पदार्थ ठरवत होती. शनिवारी रात्री डबे आणि भाजीची टोपली बघायची. काय आहे, काय संपत आलंय, काय लवकर संपवायला हवं. मग यादी. रविवारी सकाळी मंडईत फेरी, आणि भाजीच्या ओळीत नाव नाही, नुसता आकडा: 'पाला दोन, फळभाजी तीन'. कोणता पाला, ते मंडई ठरवणार. मेथी महाग तर चुका, चुका नाही तर अंबाडी. आणलेली भाजी तिच्या वयाप्रमाणे संपवायची. पालेभाजी रविवार-सोमवारी. वांगी, गवार, भेंडी बुधवारपर्यंत. कोबी आणि दुधी गुरुवार-शुक्रवारी. शनिवारी टोपलीत कांदा-बटाटा उरतो, तेव्हा मटकी किंवा हुलगे. मटकीला मोड आलेले हवेत तर दोन दिवस आधी भिजवावी लागते, म्हणजे शनिवारच्या ताटाचा विचार गुरुवारी. मला वाटत होतं, आधी ठरवणं ही शहरातली नवी शिकलेली गोष्ट आहे. आपला स्वयंपाक तर त्याशिवाय उभाच राहत नाही. विरजण, आंबवण, मोड, वाळवण, हे सगळं उद्याचं आणि परवाचं काम आहे. सोलापूरची कडक भाकरी घ्या. एक दिवस खपून भाजून ठेवली की कित्येक दिवस टिकते. शेंगाची चटणी आणि दही असलं की एखाद्या संध्याकाळी चूल पेटवावी लागत नाही. जे पार्सल मी साडेतीनशे रुपयांना आणत होतो, ते आमच्या फळीवर फडक्यात बांधून ठेवलेलं होतं.

आणि एका पदार्थाच्या पोटात दुसरा. वरण उरलं तर सकाळी कणकेत मळून त्याच्या चपात्या. शिळी भाकरी कुस्करून कांद्याची फोडणी. चपात्या उरल्या तर गूळ-तूप घालून मलिदा, तो मुलं मागून खातात. अर्धा किलो मटण पाच माणसांना एका वेळेला पुरं पडत नाही, असं माझं ठाम मत होतं. ती त्यातली हाडं आधीच बाजूला काढते. आज बोटीचं सुक्कं, उद्या हाडांचा दालचा, हरभरा डाळ आणि दुधी घालून. दुधी उरलेलाच असतो. दोन जेवणं निघतात, आणि दुसरं जास्त चविष्ट असतं, हे मी कवी म्हणून नाही, खाणारा म्हणून सांगतो.

सप्टेंबरची बेरीज अकरा हजार नऊशे. मी वही उघडून सगळ्यांना दाखवत फिरलो. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या महिन्यात टोमॅटो इतका कोसळला, की राज्यात शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. आमच्या वहीतले काही रुपये त्यांच्या तोट्यातून वाचले होते. सगळं श्रेय नियोजनाला देऊ नये.

अम्माच्या खोलीतही वही नेली. अम्मा ऐंशीच्या पुढची. तिनं आयुष्यभर विड्या वळल्या. अब्बा यंत्रमागावर होते. ती म्हणाली, बेटा, आम्ही कसलं ठरवणार? आमचं ठरवायचा तो हप्ता. हप्त्याच्या दिवशी आधी ज्वारी, मग तेल, मग उरलं तर बाकीचं. एकदम पाच किलो तेल घेतलं तर स्वस्त पडतं, हे तिलाही कळत होतं. पण पाच किलोचे पैसे एकदम हातात कधी आलेच नाहीत. चौकातल्या दुकानदाराच्या वहीवर उधारी असायची. ज्याची उधारी आहे, त्याच्याच दुकानातून घ्यावं लागतं, दुसरीकडे भाव विचारायला जाता येत नाही. आणि त्याच्याकडे भाव विचारायचा नसतो. पावशेर-पावशेर तेल घेऊन आम्ही श्रीमंतांपेक्षा महाग तेल खाल्लं, असं अम्मा म्हणाली. मी वही मिटली.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. आधी ठरवा आणि वाचवा, हा सल्ला देणाऱ्याच्या फळीवर डबे असतात. ज्यांचं पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्यांना आठवड्याची यादी शिकवायला जाऊ नये. त्यांच्याकडून शिकावं. अम्मा भाकरीसाठी पीठ घेताना रोज एक मूठ बाजूच्या गाडग्यात टाकायची. हप्त्याच्या आदल्या दिवशी त्याच पिठाच्या भाकरी व्हायच्या. दारावर फकीर आला तर त्यातलीच मूठ त्याच्या झोळीत पडायची, आणि मग आमची एखादी भाकरी कमी. लहानपणी मला वाटायचं, ते गाडगं आपोआप भरतं.

आता पत्नीच्या गणितातली एकच मोठी गळती सांगायची राहिली, ती म्हणजे मी. वहीत मला ती सापडली नाही, तिनं दाखवली. कविसंमेलन झालं, की रात्री नऊ-साडेनऊला दोन-तीन कवी घेऊन मी दारात उभा. "काही असेल ते चालेल." श्रोतेहो, 'काही असेल ते' अशी वस्तू कुठल्याच घरात नसते. उद्याची डाळ आज शिजायची, शुक्रवारचं मटण मंगळवारी यायचं, आणि पुढचे चार दिवस ती सगळा आठवडा पुन्हा जुळवायची. पाहुणा नको, असं तिचं म्हणणं कधीच नव्हतं. पाहुण्याशिवाय घर शोभत नाही, हे तिनंच मुलांना शिकवलं. तिचं म्हणणं एवढंच, की फोन खिशात असतो ना?

तेव्हापासून डबे वाजवण्याचं काम माझ्याकडे आहे. तिचं मनगट बरं झालं, पण मी ते परत दिलं नाही. चहापत्तीचा आवाज मला अजून ओळखू येत नाही. दोनदा फसलो. वेळापत्रकाचा तो ड्रॉइंग पेपर मुलीनं उलटा करून कपाटाच्या फळीवर अंथरला आहे, डब्यांखाली.

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमाहून परतताना गाडीत तीन मित्र होते. मोहोळ आल्यावर मी घरी फोन केला. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "तबीयत ठीक है ना जी तुमारी?" घरी पोचलो तेव्हा कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि दालचा मांडलेला होता. एका मित्रानं दालचा दुसऱ्यांदा मागितला, मग तिसऱ्यांदा. तो दालचा उद्या दुपारचा होता, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो, फळीवरचा तिसरा डबा हलवून पाहिला आणि दोन वाट्या मटकी पाण्यात टाकली. मोड यायला वेळ नव्हता, पण भिजली असती.